उन्हाळी हाफ मॅरेथॉन: बारा ते सतरा किलोमीटरचं खरं चित्र

आम्ही पळालो त्या रेसच्या माहितीपत्रकात दोन गोष्टी ठळक छापल्या होत्या: मार्ग सावलीचा आहे आणि दर दोन किलोमीटरला पाणी आहे. पहिली साफ खोटी निघाली, दुसरी निम्मीच खरी. पुढच्या उन्हाळ्यात ज्यांच्या क्लबचा या किंवा अशाच एखाद्या रेसवर डोळा आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. तुम्ही २१.०९७५ किलोमीटर आधी पळलेले आहात असं धरून चालतो. बूट कुठले घ्यावेत आणि प्लॅन कुठला पाळावा हे इथे मिळणार नाही.

निकाल आधीच सांगतो. पीबीसाठी, म्हणजे स्वतःची सर्वोत्तम वेळ काढायला जात असाल तर जाऊ नका. क्लबबरोबर हसत-खेळत पळायला जात असाल तर नक्की जा, आमचा दिवस झकास गेला. फक्त पाणी स्वतःचं न्या.

पहिल्या अकरा-बारा किलोमीटरबद्दल सांगण्यासारखं फार नाही. सपाट रस्ता, गार हवा, टेबलांवर पाणी, मार्शल जागच्या जागी. गोंधळ झाला तो सुरुवातीच्या आधी. सहाची रेस सहा चाळीसला सुटली. भाषणं लांबली आणि हजारभर माणसं स्टार्ट लाइनवर वॉर्मअप करून पुन्हा थंड झाली. चाळीस मिनिटं ऐकायला किरकोळ वाटतात, पण उन्हाळ्यात ती पुढे महागात पडतात. सातच्या पेसने, म्हणजे किलोमीटरला सात मिनिटं घेत पळणारा बाराव्या किलोमीटरला साडेसातच्या आत पोचायचा, तो आठनंतर पोचतो. आणि सगळ्यात उघडा पट्टा नेमका तिथूनच सुरू होतो. उन्हाची धास्ती घेणं म्हणजे बाऊ करणं असं ज्यांना वाटतं, त्यांनी २०१९ची दोहातली जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा आठवावी. महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री सुरू करूनही ६८ पैकी २८ धावपटूंना ती पूर्ण करता आली नाही, आणि त्या सगळ्या जगातल्या निवडक धावपटू होत्या.

आता तो पट्टा. बाराव्या किलोमीटरला रस्ता डावीकडे वळतो आणि बांधावरून सरळ उत्तरेला जातो. साधारण अडीच किलोमीटरवर यू-टर्न, मग त्याच रस्त्याने परत. माहितीपत्रकातला झाडांच्या रांगेचा फोटो इथलाच, आणि झाडं खरोखरच आहेत. पण ती फक्त पश्चिमेच्या कडेला आहेत. फोटो संध्याकाळचा असणार, कारण तेव्हाच त्यांची सावली रस्त्यावर येते. सकाळी ऊन पूर्वेकडून येतं आणि सावली पलीकडच्या उतारावर पडते. पळताना ती डाव्या हाताला सतत दिसत राहते, मिळत मात्र नाही. म्हणून कुठल्याही सकाळच्या रेसचा नकाशा बघताना झाडं आहेत का एवढंच विचारू नका, रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहेत तेही विचारा. उत्तर-दक्षिण रस्ता असेल तर पूर्वेकडची झाडं कामाची.

दुसरी गंमत वाऱ्याची. जाताना वारा पाठीमागून होता, म्हणून सगळे खूश झाले. पण तुम्ही ताशी आठ-नऊ किलोमीटरने पळताय आणि मागून वाराही तेवढ्याच वेगाने येतोय, तर अंगाला हवा लागतच नाही. घाम वाळत नाही, नुसता गळतो. एक लिटर घाम अंगावर वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, जमिनीवर टपकला तर त्याचा उपयोग शून्य. माझ्या पुढे पळणाऱ्या ताईंच्या कोपरांवरून थेंब टपटपत होते आणि मानेला लालबुंद रंग चढला होता. यू-टर्न घेतल्यावर वारा तोंडावर आला. पेस पडला, पण दोन मिनिटांत जिवात जीव आला. तेव्हा जातानाचा अडीच किलोमीटरचा भाग हाच या रेसचा खरा वाईट भाग. मागून वारा आहे म्हणून तिथे वेग वाढवू नका, उलट किलोमीटरमागे पंधरा-वीस सेकंद सोडून द्या.

पाण्याचं म्हणाल तर बाराव्या किलोमीटरनंतर पुढचं चालू टेबल थेट सतरानंतर. यू-टर्नला टेबल मांडलं होतं, जार भरलेले होते, पण ग्लास संपले होते. तिथली शाळकरी पोरं जार तिरका करून प्रत्येकाच्या ओंजळीत पाणी ओतत होती. त्यांचं करावं तितकं कौतुक थोडं. दोष त्यांचा नाही, ज्यांनी ग्लास मोजले त्यांचा आहे. मागच्या पेसने येणाऱ्यांचा विचारच झालेला नव्हता, आणि उन्हात सगळ्यात जास्त वेळ तेच असतात. हे मला अजिबात पटलेलं नाही. तुम्ही अर्धा लिटरची हातात धरायची बाटली न्या आणि बाराव्या किलोमीटरच्या टेबलावर थांबून ती पूर्ण भरून घ्या. तीस सेकंद जातील, जाऊ द्या. त्यातलं थोडं डोक्यावर आणि मानेवर ओता, फक्त ते बुटात उतरणार नाही असं वाकून. ओल्या मोज्यात फोड आलेच म्हणून समजा.

मात्र घाबरून दिसेल तिथे घटाघटा पिऊ नका. २००२च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावकांपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम कमी आढळलं होतं, आणि पळताना अति पाणी पिणं हे त्यामागचं मोठं कारण होतं. तहानेप्रमाणे प्या.

आमचा दिवस मजेत गेला तो एका खेळामुळे. क्लबचा सगळा गट एकत्र पळत होता आणि एक गोष्ट रचत होता, प्रत्येकाने एक वाक्य जोडायचं. एक राजा, त्याचा हरवलेला डावा बूट, तो शोधायला निघालेला हत्ती, असं काहीही. बाराव्या किलोमीटरपर्यंत आजूबाजूचे अनोळखी लोकही वाक्यं टाकू लागले होते. या खेळाचा उपयोग त्या पट्ट्यात कळला. उन्हात रक्त कातडीकडे वळतं, घामाने त्याचं प्रमाणही कमी होतं, म्हणून पेस तोच असला तरी हृदयाचे ठोके चढत जातात. घड्याळ ते उशिरा सांगतं, माणसाचं बोलणं आधी सांगतं. ज्याला पूर्ण वाक्य जमेना त्याच्यासाठी अख्खा गट चालायला लागायचा, असा नियमच होता.

चौदाव्याच्या आसपास आमच्यातल्या सगळ्यात तरुण पोराची पाळी आली आणि त्याने नुसतं "हत्ती" म्हटलं. पुढे काही नाही. हातावर काटा आला होता. भर उन्हात हुडहुडी भरणं हे लक्षण वाईटच. आम्ही त्याला उतारावरून पलीकडच्या सावलीत नेलं, होत्या नव्हत्या सगळ्या बाटल्या अंगावर ओतल्या आणि एका काकांनी कॅपने वारा घातला. काही मिनिटांत त्याने विचारलं, बूट सापडला का? पुढचा पट्टा सगळ्यांनी चालत काढला. तो असंबद्ध बोलला असता किंवा त्याचा तोल जात राहिला असता, तर तिथेच मार्शलला रुग्णवाहिका बोलवायला लावली असती. तसं झालं तर तो प्रसंग उष्माघाताचा. त्यात हॉस्पिटलला पोचेपर्यंत थांबायचं नसतं, आधी अंग गार करायला घ्यायचं. बर्फाच्या पाण्याचा टब मिळाला तर उत्तम, नाहीतर मिळेल तितकं गार पाणी.

सतरानंतर वस्ती, सावली आणि पाणी पुन्हा सुरू होतं. शेवटचे चार किलोमीटर सोपे आहेत, तिथे जोर लावलात तरी चालेल. फिनिशनंतर मेडलच्या रांगेत एकदम थांबू नका, पाच मिनिटं चालत राहा. रांगेत उभं राहून चक्कर आलेले बरेच जण दिसले.

तयारीत एकच गोष्ट जास्तीची करा. रेसच्या आधीचे दहा ते चौदा दिवस रोज तासभर उन्हं चढल्यावर हळू पळा. पहाटेच्याच सरावावर आलेले आणि उन्हात मुरलेले यांच्यातला फरक त्या बांधावर डोळ्यांना दिसत होता. हवामानाचा अंदाज पाहताना नुसतं तापमान पाहू नका, दमटपणा पाहा. उष्णतेचा ताण मोजायला रेससाठी वापरल्या जाणाऱ्या डब्ल्यूबीजीटी निर्देशांकात दमटपणा दाखवणाऱ्या ओल्या तापमापकाचा वाटा ७० टक्के असतो, कोरड्या हवेच्या तापमानाचा फक्त १०.

आयोजकांना क्लबतर्फे दोन गोष्टी कळवल्या आहेत: रेस छापील वेळेला सोडा आणि यू-टर्नला ग्लास दुप्पट ठेवा. त्यांचं लेखी उत्तर आलं तरच आम्ही पुढच्या वर्षी हाफला नावं देणार. दहा किलोमीटरच्या गटाला मात्र खुशाल जा, तो बांधापर्यंत पोचतच नाही.