तिरक्या अक्षराचा नाद

इंग्रजी पुस्तकात मधेच एखादा शब्द इटॅलिकमध्ये, म्हणजे तिरक्या अक्षरात, दिसला की माझं वाचन तिथेच अडतं, आणि मी त्यातला छोटा ए बघत बसतो. सरळ टाइपात ए ला वरून वळलेली मान असते, इटॅलिकमध्ये ती गायब, नुसतं गोल पोट आणि बाजूला दांडी, आपण हाताने काढतो तसा. एफ तर ओळीच्या खाली पाय सोडून बसतो. म्हणजे सरळ अक्षर वाकवलेलं नसतंच, हे मुळातून वेगळं कोरलेलं असतं.

आणि हे आलं तेव्हा कोणाच्या हाताखाली नव्हतं बरं का! 1501 मध्ये व्हेनिसचा छापखानेवाला आल्डस मानुशियस याने रोमन कवी व्हर्जिलच्या कविता अख्ख्या याच टाइपात छापल्या, हातात मावेल एवढं पुस्तक, फक्त कॅपिटल्स तेवढी सरळ उभी. टाइप कोरला बोलोन्याच्या फ्रान्चेस्को ग्रिफोने, तेव्हाचे इटालियन विद्वान भराभर लिहायचे त्या वळणावरून. आल्डसने त्याच पुस्तकात ग्रिफोचं कौतुकही केलं, पण 1502 मध्ये व्हेनिसच्या सिनेटकडून टाइपाचा हक्क घेतला तो स्वतःच्या नावावर. मग काय, बिनसलं, ग्रिफो निघून गेला. पुढे 1516 मध्ये त्याच्यावर जावयाला लोखंडी कांबीने ठार मारल्याचा आरोप आला आणि नंतर माणूस कागदोपत्री दिसेनासाच होतो.

हक्काचा तरी काय उपयोग? फ्रान्समध्ये लियोंच्या छापखान्यांनी सर्रास नक्कल केली. आल्डस वैतागला, 1503 मध्ये त्याने पत्रक काढून त्यांच्या पुस्तकांतल्या चुका जाहीर केल्या, तर त्या लोकांनी ती यादी समोर ठेवून आपल्या चुकाच दुरुस्त करून घेतल्या! फुकटात प्रूफरीडर मिळाला.

नंतर हळूहळू इटॅलिकचं डिमोशन झालं, पुस्तकांची नावं, परके शब्द, जोर द्यायचे शब्द एवढंच काम उरलं. त्यात लायनोटाइप या अक्षरजुळणीच्या मशीनवर सरळ आणि तिरक्या अक्षराला रुंदी एकच लागायची, त्यामुळे 1967 च्या साबोन या टाइपाचं इटॅलिक जरा ऐसपैस दिसतं. तो काढणाऱ्या यान चिकोल्डने ते निभावलं छान, पण मला बेम्बो या टाइपाचं चिंचोळं इटॅलिकच जास्त आवडतं.

मराठीत कंट्रोल आय दाबलं की मात्र वैताग येतो. शिरोरेषा जागच्या जागी आणि काने तेवढे कललेले, एसटी पकडायला धावताहेत असे. त्यापेक्षा सरळ अवतरणचिन्हं द्यावीत. खरं तर भराभर लिहायचं वळण आपल्याकडेही होतं की, मोडी! त्यावरून कोणी देवनागरीला जोडीदार टाइप काढला तर मी पहिला विकत घेईन, फक्त तो वाचता आला पाहिजे, कारण घरातले जुने मोडी कागद आमच्यात कोणालाच वाचता येत नाहीत.