तुम्ही विचारलंत म्हणून: हरणासाठी कोणतं रिव्हॉल्वर?

ऑक्टोबर लागला की फोन सुरू होतात. "दादा, यंदा अमेरिकेत ओहायो राज्यातल्या गन सीझनला, बंदुकीने हरीण मारायच्या हंगामाला, रिव्हॉल्वर घेऊन जायचंय. .५०० घेऊ ना? एकदाच घ्यायचं तर मोठंच घ्यावं." मी प्रत्येकाला अर्धा तास समजावतो आणि पुढे एकच वाक्य फिरतं, "ते म्हणाले .४४ घे." असं मी म्हणालेलो नसतो. (.४४, .५०० हे आकडे म्हणजे कॅलिबर, गोळीचा इंचांतला साधारण व्यास.) म्हणून एकदाचं लिहून टाकतो. परमिट, हंटर एज्युकेशनचा कोर्स, नारिंगी जाकीट हे तुम्हाला ठाऊक आहे, ते सोडतो. फक्त एच-१बी या नोकरीच्या व्हिसावाल्यांनी लक्षात ठेवा: फेडरल कायद्याने तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला मनाई आहे, आणि एखाद्या राज्याचं वैध शिकारीचं लायसन्स हा त्यातला मुख्य अपवाद. आधी लायसन्स, मग दुकान.

ओहायोत नळी किमान ५ इंच आणि काडतूस सरळ भिंतीचं (तोंडाशी निमुळतं न होणारं), .३५७ किंवा त्याहून मोठं लागतं. म्हणजे घरात संरक्षणासाठी घेतलेलं ४ इंची इथे चालत नाही. नियम राज्यागणिक बदलतात, त्या वर्षाची पुस्तिका स्वतः वाचा.

आता मूळ प्रश्न. .३५७ मॅग्नम १९३५ सालचं. १५८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी साधारण ५३५ फूट-पाउंड ऊर्जेने निघते. हरीण मरतं, पण अंतर ४० यार्डांच्या आत हवं आणि गोळी जड हवी, १८० ग्रेनची. .४४ मॅग्नममध्ये २४० ग्रेनची गोळी सेकंदाला १३५० फुटांनी निघते, तेव्हा ऊर्जा साडेनऊशेच्या पुढे जाते. .४५४ कसुल सतराशेच्या आसपास, आणि २००३ मध्ये आलेलं .५०० अडीच हजारांच्या घरात. हे आकडे पाहिले की माणूस शेवटच्या आकड्यावर बोट ठेवतो. मीही ठेवत होतो. कित्येक वर्षं मी लोकांना सांगत आलो, "झेपेल तेवढं मोठं घे, चूक झाली तर मोठी गोळी सांभाळून घेईल." हे मी मनापासून मानत होतो.

मोठी गोळी चूक सांभाळून घेत नाही. रिव्हॉल्वरची गोळी रायफलसारखी आजूबाजूचं मांस फाडत जात नाही, ती भोक पाडते. भोक फुप्फुसातून गेलं तर .४४ पुरतं, पोटातून गेलं तर .५०० पुरत नाही.

हे मला ज्या हरणाने शिकवलं त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. दक्षिण ओहायोतला ओकच्या झाडांचा उतार, सीझनचा दुसरा दिवस, संध्याकाळ. नेमबाज नवा होता. ८⅜ इंची नळीचं .५०० सप्टेंबरात घेतलेलं, माझ्याच सल्ल्याने. बेंचवरून जेमतेम पंधरा काडतुसं झाडलेली, कारण खांदा आणि खिसा दोन्ही दुखत होते. ४० यार्डांवर मादी, आडवी उभी, तोंड उजवीकडे. नेम खांद्यामागे होता. पण ट्रिगर सुटायच्या क्षणी उजव्या हाताने धक्क्याला आधीच उत्तर दिलं. नळी खाली आणि डावीकडे गेली. उजव्या हाताच्या माणसाचं दचकणं बहुधा तिकडेच जातं. हरणाचं तोंड उजवीकडे, म्हणजे डावी बाजू पोटाची. गोळी दहा इंच मागे लागली. हरीण पाठ कमानीसारखी करून, शेपटी खाली दाबून, चालतच निघून गेलं. फुप्फुसाला लागलेलं हरीण असं चालत नाही, ते जमिनीला पोट लावून सुसाट पळतं.

तिथे थांबायला हवं होतं. तो नेमबाज झाडावर बसला होता, तो दहाव्या मिनिटाला उतरला. मी पोचलो तेव्हा टॉर्चच्या उजेडात ओकचं एक पान त्याच्या हातात होतं. त्यावरचं रक्त काळपट तपकिरी, पातळ, आणि त्यात चघळलेल्या एकॉर्नचा, म्हणजे ओकच्या फळांचा, हिरवट भुगा. वास आंबूस. फुप्फुसाचं रक्त गुलाबी असतं, त्यात बारीक बुडबुडे असतात. यकृताचं गडद लाल. असा भुगा दिसला की सहा-आठ तास मागे जायचं नसतं. पोटात लागलेलं हरीण दोनशे यार्डांच्या आत बसतं, आणि कोणी मागे आलं नाही तर बहुधा तिथेच मरतं. ही मादी तोवर एकदा बसून उठलेली होती. पाचोळ्यात दाबलेला खळगा होता, मध्ये ओलं. त्याच्या पुढे जंगली गुलाबाचं काटेरी रान, आणि माग संपला. मोठी गोळी आरपार जाऊनही रक्त पडलं नाही, कारण आतड्यांनीच भोक बुजवलं. सकाळी ती ओढ्याकाठी सापडली. कोयोटींनी मागचा अर्धा भाग खाल्ला होता.

त्याने मला विचारलं, "दादा, कॅलिबर कमी पडलं का?" त्या रिव्हॉल्वरपेक्षा मोठं दुकानात काही मिळत नव्हतं.

म्हणून आता माझा क्रम उलटा आहे. आधी हात, मग कॅलिबर. दचकणं तपासायची एकच खरी रीत आहे: मित्राला सिलिंडर भरायला सांगा, सहांपैकी दोन-तीन चेंबरमध्ये झाडलेली रिकामी काडतुसं, तुम्हाला न दाखवता. रिकाम्यावर हॅमर पडताना पुढची साइट (नळीच्या टोकाचा नेम धरायचा खुंट) बुडाली तर ते काडतूस अजून तुमचं नाही. .४४ चा मोठा फायदा इथे आहे, त्यात .४४ स्पेशल हे आखूड, सौम्य काडतूस चालतं. धक्का निम्म्याहून कमी, दुपारभर सराव होतो. .४५४ मध्ये तसंच .४५ कोल्ट चालतं. फक्त आखूड काडतुसांनी चेंबरमध्ये काजळीचं कडं बसतं. ते घासून काढलं नाही तर लांब काडतूस अडकतं, नेमकं सीझनच्या सकाळी.

वजनाला घाबरू नका, ते धक्का खातं. .४४ मध्ये रुगरचं सुपर रेडहॉक साडेसात इंची साधारण दीड किलो, स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ६२९ सहा इंची त्याहून थोडं हलकं, .५०० दोन किलोंचं. त्याच कंपनीचं जुनं मॉडेल २९ मिळालं तर त्यात ३०० ग्रेनच्या जड काडतुसांचा सतत मारा नको. सिंगल अ‍ॅक्शनची (ज्यात दर गोळीला हॅमर हाताने ओढावा लागतो) मूठ धक्क्याने हातात वर फिरते, काहींना ते मानवतं. पण रुगरच्या सुपर ब्लॅकहॉकचा चौकोनी ट्रिगर गार्ड मधल्या बोटाच्या पेरावर आपटतो, दुकानात नुसतं धरून ते कळत नाही. डबल अ‍ॅक्शन (जे नुसता ट्रिगर ओढूनही झडतं) घेतलं तरी हरणावर हॅमर ओढूनच झाडा. दहा-बारा पाउंडांच्या ओढीपेक्षा तीन-चार पाउंडांची ओढ नेम कमी हलवते.

बोटं सिलिंडरच्या पुढे कधीही नकोत. सिलिंडर आणि नळीमधल्या फटीतून वायू सुटतो, आणि मोठ्या कॅलिबरमध्ये तो बोट कापतो. रायफलसारखा पुढे हात धरायची सवय असेल तर आधी ती मोडा. टेकायचं तर मनगट टेकवा, नळी नव्हे. कानांना इलेक्ट्रॉनिक मफ्स, रानातही.

.४४ ला गोळी २४० ग्रेनची, हॉलो पॉइंट (टोकाला पोकळ) किंवा सॉफ्ट पॉइंट (टोकाला मऊ शिसं). आता एक दोष जो रेंजवर सहज दिसत नाही: धक्क्याने उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या केसमधून पुढे सरकतात, सिलिंडरबाहेर डोकावतात आणि सिलिंडर फिरायचंच थांबतं. पाच झाडा, सहावं काढून आधीच्या मापाशी ताडून बघा. लांबी वाढली असेल तर क्रिम्प, म्हणजे गोळीभोवती दाबलेली केसची कड, सैल आहे, ती पेटी सरावालाही नको.

साइट कोणती, यावर माझं मत दर दोन वर्षांनी बदलतं. चाळिशीनंतर उघड्या साइट धूसर होतात, रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट) बरा. पण तो लावला की लोक शंभर यार्डांवर झाडू लागतात, आणि ५० यार्डांवर बरोबर नेमावर लागेल असं जुळवलेलं .४४ शंभरावर पाच-सहा इंच खाली पडतं.

आणि हो, "मग रायफल का नाही?" ओहायोत २०१४ पासून सरळ भिंतीच्या काडतुसांची रायफल चालते, आणि ती नेमाला जास्त खात्रीची आहे, हरणाच्या दृष्टीने जास्त दयाळूही. याला माझ्याकडे पटण्यासारखं उत्तर नाही. जवळ जावं लागतं म्हणून रिव्हॉल्वर, असं मी सांगतो. त्या मादीला ते सांगून काय उपयोग झाला असता?

तरीही घ्यायचंच असेल तर सीझनआधी हे करा. ६ इंची कागदी प्लेट, ४० यार्ड. जाडं जाकीट घालून, खाली बसून, थंड हातांनी, त्या दिवसाच्या पहिल्या पाच गोळ्या. पाचही प्लेटमध्ये हव्यात. चारच लागल्या तर तुमचं अंतर ३० यार्ड आहे.