तुम्ही विचारलंत म्हणून: डॅक लावल्यावर खरंच वेगळं ऐकू येतं का?

घरी कुणी पहिल्यांदा आलं की पुस्तकांच्या कपाटातल्या एका छोट्या काळ्या डबीकडे नजर जाते. तिच्यावर हिरव्या अक्षरांत कधी ४४.१ दिसतं, कधी ९६. मग प्रश्न येतोच. "फोनवर गाणं वाजतंच की, मग ही डबी कशाला? आणि त्या हाय-रेझोल्यूशन फाइल्स लावल्या की खरंच काही वेगळं ऐकू येतं?" सहकाऱ्यांनी विचारलं, शेजाऱ्यांनी विचारलं, आता भाचा विचारतो तेव्हा त्याच्या मागे त्याचे चार मित्रही विचारत असतात. चहा होईपर्यंत दोन वाक्यांत मी जे सांगते ते दर वेळी अपुरं राहतं, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

डबीनं माझ्या घरी फरक पडला, आणि मोठा पडला. पण तो ९६ या आकड्यानं पडलेला नाही.

ती डबी म्हणजे डॅक, म्हणजेच डिजिटल टू अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर. फाइलमध्ये नुसते आकडे असतात आणि स्पीकरचा पडदा हलतो तो विजेच्या चढउतारानं. एकाचं दुसऱ्यात रूपांतर डॅक करतो. तो तुमच्या फोनमध्ये, टीव्हीत, ब्लूटूथ हेडफोनमध्येही असतोच. बाहेरचा डॅक घेणं म्हणजे हे नाजूक काम लॅपटॉपच्या पोटातल्या गजबजाटातून बाहेर काढून स्वतंत्र जागी नेणं.

आता आकड्यांकडे येते, कारण सगळे तिथेच अडतात. सीडी १९८२ साली बाजारात आली. तिच्यावर सेकंदाला ४४,१०० नोंदी असतात आणि प्रत्येक नोंद १६ बिटांची. (हा विचित्र आकडा व्हिडिओ टेपमुळे आला. त्या काळी डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत, आणि चित्राच्या ओळींच्या हिशोबात तो बसत होता.) हाय-रेझोल्यूशन म्हणजे सर्वसाधारणपणे २४ बिट आणि सेकंदाला ९६,००० किंवा १,९२,००० नोंदी. (हजार नोंदींना एक किलोहर्ट्झ म्हणतात; डबीवरचे ४४.१ आणि ९६ ते हेच.) तासाभराचा ख्याल सीडीच्या दर्जात न दाबता ठेवला तर सुमारे ६३५ एमबी होतो. तोच २४ बिट, १९२ किलोहर्ट्झमध्ये ४ जीबीच्या वर जातो. फ्लॅक या फाइल-प्रकारात एकही आकडा न गमावता फाइल बरीच लहान होते, तरी फरक राहतोच.

मला सुरुवातीला एका शंकेनं फार छळलं होतं. मींड ही अखंड गोष्ट. गंधारावरून पंचमावर जाताना आवाज मधल्या प्रत्येक जागेवरून जातो. तिचे सेकंदाला ४४,१०० तुकडे केले तर दोन तुकड्यांच्या फटीत काहीतरी सांडणारच, असं मला वाटे. जाहिरातींतली चित्रंही तेच सांगतात: सीडीच्या पायऱ्या आणि हाय-रेझची गुळगुळीत रेषा. हे चित्र चूक आहे. डॅकमधून पायऱ्या बाहेर येत नाहीत. शेवटचा फिल्टर त्या बिंदूंमधून सलग रेषा काढतो, आणि नोंदींच्या निम्म्या कंपनसंख्येच्या आतला आवाज असेल तर त्या बिंदूंमधून जाणारी रेषा एकच असू शकते. ४४,१०० चे निम्मे २२,०५०. माणसाचा कान तरुणपणी फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. मी बावन्न वर्षांची आहे आणि तपासून पाहिलंय, १३,००० च्या पुढे मला काहीच ऐकू येत नाही. मींड सीडीच्या आकड्यांतही पूर्ण सुखरूप असते. हे कळलं त्या दिवशी मला फार हलकं वाटलं होतं.

बिटांचंही असंच. एक बिट म्हणजे साधारण ६ डेसिबल, म्हणून १६ बिटांत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचं अंतर मावतं. २४ बिटांत कागदावर १४४. प्रत्यक्षात उत्तम डॅकही १२० ते १३० च्या आसपास पोचतात, त्यापुढे सर्किटचीच खरखर आडवी येते. आमच्या खोलीत रात्री अकरालाही ३० डेसिबलच्या खाली शांतता नसते, आणि पंखा लावला की तेवढीही उरत नाही. त्या ३० वर ९६ चढवले तर कान दुखतील.

हे वाचून पटलं तरी मन मानत नाही, म्हणून परीक्षा घेतली. एका चांगल्या सतारवादनाची २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची फाइल घेतली, तिचीच नीट डिदर देऊन (म्हणजे बिट कमी करताना मुद्दाम अगदी हलकी खरखर मिसळून) १६ बिट, ४४.१ ची प्रत केली आणि फूबार२००० या प्लेअरमधल्या एबीएक्स सोयीनं (फाइलचं नाव लपवून ती ओळखायला लावणारी चाचणी) भाच्यानं मला सोळा वेळा विचारलं, ही कोणती? नऊ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवून आठ आली असती. एक पथ्य मात्र पाळायलाच हवं. दोन्ही फाइल्सचा आवाज एकाच पातळीवर हवा, कारण किंचित मोठं वाजणारं कानाला नेहमी चांगलं वाटतं, आणि आपण तो मोठेपणा दर्जा समजतो. दुकानात महागडा डॅक ऐकून भारावून जाण्यामागे पुष्कळदा एवढंच असतं. जगभरच्या अशा चाचण्या एकत्र करून लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ राइस यांनी २०१६ साली हिशोब मांडला होता: १८ प्रयोग, साडेबारा हजारांवर प्रयत्न, बरोबर उत्तरं ५२.३ टक्के. कान तयार केलेल्या श्रोत्यांचा आकडा याहून बरा होता. म्हणजे फरक शून्य आहे असं मी म्हणणार नाही. पण त्यासाठी पैसे साठवावेत इतका तो नाही.

मग लोकांना हाय-रेझ आवृत्ती स्पष्ट वेगळी ऐकू येते ती का? कारण पुष्कळदा ती मुळात वेगळीच असते. जुन्या टेपवरून पुन्हा काळजीपूर्वक केलेलं मास्टरिंग (प्रकाशनाआधी आवाजावर फिरवलेला शेवटचा हात), आवाज दाबून मोठा न करता ठेवलेले चढउतार, तबल्याची चाट आणि गायकाचा श्वास यांच्यात राखलेलं अंतर, हे सगळं त्या आवृत्तीत असू शकतं. तीच आवृत्ती सीडीच्या आकड्यांत आणली तरी तितकीच सुंदर वाजते. मी नेहमी सांगते, फाइल विकत घेताना मास्टरिंग कुणी आणि कशावरून केलं ते आधी शोधा, आकडा नंतर बघा.

आकड्यावर विसंबून मी एकदा फसलेही. एका ऑनलाइन दुकानातून २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ म्हणून एक वाद्यवादन घेतलं. स्पेक नावाचा मोफत प्रोग्राम फाइलमधल्या कंपनसंख्यांचं चित्र काढून देतो. त्यात उघडलं तर २२ किलोहर्ट्झच्या जरा आधी सरळ भिंत, आणि वर काळोख. सीडीचीच फाइल मोठ्या डब्यात ओतली होती. तक्रार केली, पैसे परत मिळाले नाहीत. मला पैशांपेक्षा त्या कलाकाराचं वाईट वाटलं. त्याच्या नावावर कुणीतरी खोटं विकत होतं.

तर मग डबीनं काय केलं? तिनं शांतता आणली.

आधी मी लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून अ‍ॅम्प्लिफायरला जोडत असे. माउस हलवला की स्पीकरमधून चिरचिर येई. पान खाली सरकवलं की सुर बदलून चिरचिर. गाणं चालू असताना ती लपते असं वाटतं, पण ख्यालात लपण्यासारखं काही नसतं. आलापात दोन स्वरांच्या मध्ये गायक थांबतो, तिथे तानपुरा एकटा उरतो, आणि नेमकी तिथेच ती चिरचिर बसलेली असे. डॅक आणला आणि ती गेली.

गेली, पण पूर्ण नाही. चार्जर लावला की एक बारीक घूंऽ येई. काढला की बंद. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की बोटांना मुंग्या येत, हे तुमच्याही घरी होत असेल. आमची इमारत जुनी. वायरमननं प्लगची पाटी उघडून दाखवली: तिसरं भोक होतं, त्यामागे वायरच नव्हती. चार्जरमधून झिरपणारी थोडीशी वीज जमिनीत जायला वाट न मिळाल्यानं ऑडिओच्या केबलमधून अ‍ॅम्प्लिफायरकडे जात होती. अर्थिंग करून घेतलं आणि घूं बंद झाली. माझ्या सगळ्या खर्चात याहून मोठा बदल कशानंही झाला नाही. शिवाय अर्थिंग हा जिवाचा प्रश्न आहे. डॅक घेण्याचं ठरवत असाल तर त्याआधी वायरमनला बोलवा, हे मी अगदी कळकळीनं सांगते.

आणखी एक गोष्ट डबीवरच्या आकड्यानंच शिकवली. विंडोज सगळे आवाज एकत्र करताना सेटिंगमध्ये जो दर असेल त्यात सगळं बदलून पाठवते. माझं सेटिंग ४८ वर होतं. मी सीडीची फाइल लावो की ९६ ची, डबीवर ४८ च. कित्येक महिने हे माझ्या लक्षात आलं नाही. प्लेअरमध्ये वासापी एक्सक्लुझिव्ह (विंडोजची ही सरमिसळ टाळून आवाज थेट डॅककडे नेणारा मार्ग) निवडलं, मग फाइल जशी आहे तशी जाऊ लागली. मॅकवर ऑडिओ मिडी सेटअपमध्ये दर स्वतः निवडावा लागतो. आयफोनवर अ‍ॅपल म्युझिकचं ४८ किलोहर्ट्झच्या वरचं काही ऐकायचं तर बाहेरचा डॅक लागतोच. आणि पडद्यावर हाय-रेझचं चिन्ह दिसत असताना ब्लूटूथनं ऐकत असाल, तर कानापर्यंत ते पोचत नाही. एलडॅक हा ब्लूटूथवरून आवाज पाठवण्याचा तगडा मार्ग, तोही जास्तीत जास्त ९९० केबीपीएस नेतो आणि वाटेत काही टाकून देतो.

कोणता घ्यावा, हा पुढचा प्रश्न असतोच. मी अकरा हजारांना एक वापरलेला घेतला. फक्त हेडफोनवर ऐकत असाल तर हजार-दोन हजारांची यूएसबी-सी डोंगल (फोनला लावायचे बोटाएवढे छोटे डॅक) आज इतकी स्वच्छ असतात की त्यापुढे आधी हेडफोन बदलावेत. चिपच्या नावांवर चाललेल्या वादांत वेळ घालवू नका. उरलेले पैसे स्पीकरला, आणि त्यानंतर खोलीला द्या. उघड्या फरश्या आणि मोकळ्या भिंती आवाज परतवून फेकतात. आम्ही खाली जाड सतरंजी घातली, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट लावलं, खिडकीला जड पडदे. तबल्याच्या बाँयाची घुमक तेव्हा पहिल्यांदा जागेवर बसली.

२४ बिट मला खरे उपयोगी पडले ते ऐकताना नाही, नोंदवताना. आई गाणं शिकवायची. तिच्या १९८६ सालच्या रियाजाच्या सात कॅसेटी घरात आहेत. त्या मी २४ बिट, ९६ मध्ये उतरवल्या. कॅसेट कुठे हळू, कुठे अचानक मोठी. २४ बिटांत पातळी निवांत खाली ठेवता येते, तान टिपेला गेली म्हणून आवाज फाटायची भीती नाही आणि खालचा तपशीलही बुडत नाही. ध्वनिसंग्रह जपणाऱ्यांची आयासा ही आंतरराष्ट्रीय संघटना अशा कामाला किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट सुचवते, ते याचसाठी. कॅसेटच्या पट्टीवर १५ किलोहर्ट्झच्या वर फारसं काही नसतं, हे मला माहीत होतं. तरी दुसऱ्यांदा ती पट्टी वाजेल याची खात्री नव्हती, म्हणून हात राखला नाही.

आई आता एकोणऐंशी वर्षांची आहे. दारावरची बेल तिला कित्येकदा ऐकू येत नाही. मागच्या दिवाळीत एका रात्री जेवणं झाल्यावर पंखा बंद केला, तिला कपाटासमोरच्या खुर्चीत बसवलं आणि तिसरी कॅसेट लावली. आधी पट्टीची सूंऽ, मग तानपुरा. तिचा आवाज अजून यायचा होता. तिनं हात वर करून मला थांबवलं.

"जोडीतली एक उतरलीय," ती म्हणाली. "ऐक, लाटा येतायत."

मी परत लावलं. तानपुऱ्याच्या जोडीच्या दोन तारांच्या षड्जांमध्ये अगदी संथ, सेकंदाला एखादी, लाट उठत होती. उतरवलेली ती फाइल मी किमान दहा वेळा ऐकली होती.

"तेव्हा लक्षात आलं नव्हतं?" मी विचारलं.

"तेव्हा मी गात होते," आई म्हणाली. "लाव, पुढे लाव."