मेंदी उतरल्यावर या

मला मधुमेह आहे, म्हणून वर्षातून एकदा पायांची तपासणी होते. नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवून संवेदना शाबूत आहे का ते बघतात. या वेळी तपासणाऱ्या मुलीनं डाव्या टाचेजवळ बोट ठेवलं. "काकू, हा डाग कधीपासूनचा?"

मला काय ठाऊक! आई म्हणायची, तळपायाला तीळ असला की नशिबात भटकंती. माझं ऐरोलीत पोळीभाजी केंद्र आहे, त्यामुळे भटकंती काय ती ओट्यापासून शेगडीपर्यंत.

वाशीच्या त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे गेले, तर त्यांनी पाय बघून परत पाठवलं. भाच्याच्या लग्नातली मेंदी तळव्यावर अजून केशरी होती आणि तिच्याखाली डागाचा खरा रंग कळेना. "मेंदी उतरल्यावर या. आणि नेलपॉलिश काढून या, सगळी नखं बघायची आहेत."

मी समजत होते, त्वचेचा कर्करोग हे उन्हात लाल होणाऱ्या गोऱ्यांचं दुखणं. आपल्याकडे तो कमीच. पण त्यातला मेलानोमा आपल्या लोकांत होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर नाहीतर नखाखाली होतो. तिथे उन्हाचा काय संबंध? मुलानं सांगितलं, १९८१ मध्ये गेलेल्या बॉब मार्लेच्या आजाराची सुरुवातही पायाच्या अंगठ्याच्या नखाखालीच झाली होती.

पुढच्या खेपेला मात्र डोक्यापासून तपासलं. केसांत भांग पाडून, कानामागे, पाठ, छातीखाली, बोटांच्या बेचक्यांत. संकोच वाटला, पण नर्स सोबत होती आणि सगळं पटकन उरकलं. वेळ लागला तो टाचेलाच. जेल लावून त्यावर दिव्याचं भिंग टेकवलं, त्याला डर्मोस्कोप म्हणतात. तळव्यावरच्या रेघा म्हणजे शेतातल्या सरी-वरंब्यांसारख्या, बाई म्हणाल्या. काळा रंग सरीत असेल तर बहुधा निर्धोक, वरंब्यावर चढलेला असेल तर शंका घ्यायची. माझा रंग बराचसा सरीत होता, पण एका कडेला गिचमीड होती आणि डाग सहा मिलिमीटरपेक्षा मोठा. मग पूर्ण काढूनच तपासायचं ठरलं.

आधी साखर बघितली. भुलीचं इंजेक्शन तळव्यात घेणं म्हणजे काय, ते ज्यानं घेतलंय त्यालाच कळेल. पुढचं काही जाणवलं नाही. काढलेला तुकडा फॉर्मेलिनच्या बाटलीत घालून ह्यांच्या हातात दिला, तो लॅबला पोचवायचं काम घरच्यांचंच. टाचेवर भार द्यायचा नाही म्हणून मी खुर्चीत बसून कणीक मळायची आणि जाऊबाई पोळ्या लाटायच्या. तळव्याचे टाके उशिरा काढतात, त्यात माझी साखर.

रिपोर्ट चांगला आला, कर्करोग नाही. शेजारणी म्हणाल्या, "उगाच कापून घेतलंत." मला नाही तसं वाटत. मेलानोमा किती खोल गेलाय ते मिलिमीटरमध्ये मोजतात आणि त्यावरच पुढचं सगळं ठरतं. वरच्या थरात असतानाच काढला तर बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. तरी बाई हेही म्हणाल्या, की सरसकट सगळ्यांनी दरवर्षी अंगभर तपासून घेतल्यानं जीव वाचतात असा पक्का पुरावा नाही. ज्यांचा तीळ आकार किंवा रंग बदलतोय, नखात एकच काळी रेघ रुंद होतेय, मूत्रपिंड बदलल्यावरची औषधं चालू आहेत, त्यांनी दाखवायचं. आणि जुन्या भाजल्याच्या व्रणात न भरणारी जखम असेल तर नक्कीच.

हे शेवटचं ऐकून मी जाऊबाईंकडे बघितलं. लहानपणी चुलीवरचं आधण सांडून त्यांची पाठ भाजली होती आणि त्या व्रणात पावसाळ्यापासून एक जखम चिघळतेय. त्या हळद लावत बसल्या होत्या. माझी पुढची तपासणी सहा महिन्यांनी आहे, तेव्हा त्यांनाही आणते म्हटलं, तर बाई म्हणाल्या, "तेवढं थांबायचं नाही, याच आठवड्यात आणा." गुरुवारची वेळ घेतलीय. केंद्राला त्या दिवशी सुट्टी.