तळव्यातले काळे दाणे

आषाढातला गुरुवार. सकाळच्या ट्रेमध्ये तेवीस नमुने होते. बहुतेक लघवीचे, दोन-तीन बेडक्याचे आणि एक कापसाची काडी, ट्यूबमध्येच वाळून कडक झालेली. चिठ्ठीवर एवढंच: पुरुष, वय 58, 'पस कल्चर', म्हणजे पुवातले जंतू उगवून बघायचे. पू कुठल्या जागेचा, किती दिवसांचा, आधी कुठली औषधं झाली, काही नाही. साताऱ्यात लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजी बघायला लागून मला 19 वर्षं झाली. वाळलेल्या काडीतून फक्त कातडीवरचे जंतू उगवतात, हे मी डॉक्टर मंडळींना किती वेळा सांगितलं असेल. ते उगवतात, मी रिपोर्ट देते, त्या रिपोर्टवर अँटिबायोटिक सुरू होतं आणि खरा रोग आत तसाच राहतो. चिठ्ठीवर दोन ओळी जास्त लिहायला अर्धं मिनिट लागतं. ते अर्धं मिनिट कुणी दिलं नाही म्हणून माणसाची वर्षं गेलेली मी पाहिली आहेत.

ती काडी मी कल्चरला लावलीच नाही. खाली काउंटरला फोन केला तर पेशंट अजून बाकावरच होता, पावती व्हायची होती. मी खाली गेले.

माण तालुक्यातला मेंढपाळ. उन्हात रापून करवंदी झालेला माणूस, उजव्या पायाला जुन्या लुगड्याचं फडकं गुंडाळलेलं. शेजारी बायको आणि नऊ-दहा वर्षांचा नातू. नातवाकडे माझं लक्ष आधी गेलं हे खरं. केस मक्याच्या कणसाच्या सोनेरी तुऱ्यासारखे, कातडी दुधाळ गुलाबी, नाकाचा शेंडा आणि कानाच्या पाळ्या उन्हानं सोललेल्या. डोळे एका जागी ठरत नव्हते, बारीक हलत होते. ट्यूबलाइटच्या उजेडानंसुद्धा तो पापण्या मिटत होता. गावात त्याला भुऱ्या म्हणतात, हे आजीनंच सांगितलं.

फडकं सोडलं. पाऊल दीडपट सुजलेलं, गाठी गाठी आलेल्या, त्यांच्यातून बारीक छिद्रं. "दुखतं का?" म्हटलं. "न्हाई. जड वाटतंय फकस्त." एवढा बिघडलेला पाय आणि दुखत नाही, इथंच मला मदुरा पायाची, म्हणजे पायात मुरणाऱ्या बुरशीची किंवा जंतूंची शंका आली. पाय वर करून तळवा उजेडाकडे धरला. माणसाचा रंग कितीही गडद असो, तळवा फिकाच असतो. तिथल्या कातडीखालच्या पेशी रंग बनवणाऱ्या पेशींना आवरून धरतात. त्या फिक्या तळव्यावर एका छिद्राच्या तोंडाशी काळा ठिपका होता. खसखशीपेक्षा थोडा मोठा, डांबराच्या कणासारखा.

बाभळीचा काटा मोडला होता म्हणाले, आठ-नऊ वर्षं झाली. मेंढरामागं अनवाणी. मग गाठ, मग पू. एका ठिकाणी सहा महिने टीबीच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या ठिकाणी दोनदा चिरून गाठ काढली, दोन्ही वेळा परत आली. प्लॅस्टिकच्या पिशवीतला कागद मी वाचला: 'जुनाट सूज'. काढलेलं मांस कुठं पाठवलं होतं? "बाटलीत, पाण्यात घालून दिलं व्हतं." पाणी म्हणजे फॉर्मलिन, मांस टिकवायचं रसायन. फॉर्मलिनमध्ये बुरशी मरते, मग ती उगवून बघायची सोयच उरत नाही. दोन तुकडे करून एक साध्या सलाइनमध्ये पाठवायचा, एवढंच करायचं होतं. दोनदा संधी आली आणि दोन्ही वेळा ती बाटलीत गेली. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही.

या रोगात नमुना घ्यायचा असेल तर काडी कामाची नाही. छिद्रांवर निर्जंतुक गॉज घट्ट बांधायचं, रात्रभर तसंच ठेवायचं आणि सकाळी ते गॉजच लॅबमध्ये आणायचं. पुवातले रोगाचे दाणे आपसूक बाहेर येऊन धाग्यांत अडकतात. त्यांचे पाहुणे इथं साताऱ्यातच गोडोलीत होते, तिथं मुक्काम करा म्हटलं. आजीनं कुरकुर न करता मान हलवली.

दुसऱ्या दिवशी गॉजवर अकरा दाणे मिळाले. पेट्री डिशमध्ये सलाइन घेऊन एकेक दाणा सुईनं सोडवला, तीन वेळा धुतला. धुतला नाही तर पुवातले साधे जंतू आधी उगवून सगळं झाकून टाकतात. पांढरा किंवा पिवळा दाणा असता तर दोन काचपट्ट्यांमध्ये बोटानं दाबला की लोण्यासारखा पसरतो. तो बहुधा जंतूंचा निघतो आणि त्यावर अँटिबायोटिक चालतं. हा दाणा दाबला तर काच कचकन वाजली. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात अर्धा तास ठेवला. मांस, पू, कातडी सगळं त्यात विरघळतं. दाणा विरघळला नाही, फक्त थोडा ठिसूळ झाला. मग दाबला, तो वाळूसारखा फुटला, आणि मी चाळीसच्या लेन्सखाली पाहिलं.

तपकिरी. रंग चढवावा लागला नाही. जाड भिंतींचे, गाठीगाठीचे, मध्येच फुगलेले धागे एकमेकांत गुंतलेले आणि त्यांच्या फटींत तपकिरी सिमेंट भरल्यासारखं. काळ्या दाण्याचा मायसेटोमा, म्हणजे मदुरा पाय. बुरशी बहुधा मॅड्युरेला, पण ते कल्चरवर ठरणार होतं. तो तपकिरी रंग मेलॅनिनचा. आपल्या केसांत, कातडीत, बुबुळात असतो त्याच जातीचा.

हा रोग साताऱ्याला नवा नाही. वैद्यकीय विद्यार्थी दीडशे वर्षांहून जास्त काळ शरीररचनेचा जो जाडजूड इंग्रजी ग्रंथ वाचत आले, त्यातली 1858 ची मूळ चित्रं काढणारा हेन्री व्हँडाइक कार्टर पुढं आपल्याच साताऱ्यात सिव्हिल सर्जन होता, 1863 ते 1872. मायसेटोमा हे नाव त्यानंच रूढ केलं. काळ्या दाण्याच्या आणि फिक्या दाण्याच्या पायांचं वर्णन करणारं त्याचं पुस्तक 1874 मध्ये निघालं. इतकी वर्षं लोटली आणि माझ्यापुढचा माणूस टीबीच्या गोळ्या खाऊन आला होता. जागतिक आरोग्य संघटनेनं हा रोग दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतला तोही 2016 मध्ये.

तिघांना वर बोलावून मी समजावून सांगत होते. काट्याबरोबर मातीतली बुरशी आत गेली, ती अंगाभोवती काळं कवच करते, त्याचेच हे दाणे. आजी सगळं ऐकत होती. मध्येच तिनं नातवाच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "बाई, ह्येच्या अंगातलं काळं ह्यांच्या पायात तर उतरलं न्हाई ना?"

मी म्हटलं, "नाही हो आजी, तसं नसतं." आणि पुढच्या ट्रेकडे वळले.

तो प्रश्न मला अजून सोडत नाही. उत्तर चूक नव्हतं. रंग एका माणसातून दुसऱ्यात उतरत नाही, आणि पोर जन्मल्यापासून तसं होतं, काटा नंतर मोडला. पण ज्या पदार्थाची तिच्या घरात एकाला कमी पडली आणि दुसऱ्याच्या पायात ज्याचा ढीग साठला, तो एकाच जातीचा पदार्थ आहे हे त्या बाईनं शाळा न शिकता ओळखलं होतं. मी घाईत तिचा निम्मा प्रश्न फेकून दिला.

निम्मा उरलेला इथं लिहिते. आपल्या कातडीच्या तळाशी रंग बनवणाऱ्या पेशी असतात. गोऱ्या-काळ्या माणसांत त्यांची संख्या साधारण सारखीच. फरक पडतो तो रंगाच्या कणांचा आकार, प्रकार आणि प्रमाण यांत. एक पेशी साधारण 36 शेजारी पेशींना हे कण पुरवते, आणि त्या पेशी ते कण आपल्या केंद्रकाच्या वरच्या बाजूला छत्रीसारखे धरतात. ऊन वरून येतं, छत्री वर. खाली डीएनए सुखरूप. टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लापासून आधी डोपा नावाचा पदार्थ, मग पुढं मेलॅनिन अशी ही वाट. पहिल्या पायरीवरच्या एन्झाइममध्ये तांबं असतं. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं तेही तांब्याच्या तसल्याच एन्झाइमामुळे. त्या पोराच्या शरीरात या वाटेवर कुठंतरी जन्मतःच अडथळा आहे. पेशी आहेत, पण रंग तयार होत नाही. त्याचा परिणाम नुसत्या कातडीवर थांबत नाही. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग नीट घडायला गर्भातच मेलॅनिन लागतं, ते नसेल तर नजर अधू राहते, डोळे हलतात.

आता बुरशी. तीसुद्धा हेच कवच चढवते, फक्त भिंतीत. मॅड्युरेला बहुतांशी वेगळ्या वाटेनं मेलॅनिन करते, डोपाच्या वाटेनं नाही. पण काम तेच. आपल्या पांढऱ्या पेशी तिच्यावर पेरॉक्साइडसारखी जाळणारी रसायनं सोडतात, मेलॅनिन ती पिऊन टाकतं. आपण दिलेलं औषध त्याला चिकटतं आणि आत पोचतच नाही. म्हणून इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध महिनोन् महिने द्यावं लागतं, शिवाय शस्त्रक्रिया.

आणि एक बुरशी तर आजीच्या प्रश्नाला अगदी चिकटून आहे: क्रिप्टोकॉकस. कबुतराच्या विष्ठेत सापडते, फुप्फुसातून मेंदूच्या आवरणापर्यंत जाते. तिला स्वतः टायरोसिनपासून सुरुवात करता येत नाही, आयता डोपा किंवा त्याच्यासारखं काहीतरी लागतं. मेंदूत डोपामिन असतं, ते ती वापरते. ती उगवून ओळखायला आम्ही जे माध्यम, म्हणजे तिचं खाद्य, वापरतो ते कारळ्याचं. फ्रीडरिश श्टाइब यानं 1962 मध्ये शोधलेलं. तयार मिळतं, पण मी स्वतः करते. बाजारातून कारळे आणायचे, भाजलेले नकोत, कच्चेच. मिक्सरला फिरवायचे, उकळायचे, कापडातून गाळायचे, त्यात ग्लुकोज आणि घट्ट करायला अगर. त्या सकाळी ऑटोक्लेव्हजवळ, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायच्या यंत्राजवळ, घरच्या चटणीची आठवण येईल असा वास सुटतो. दुसऱ्या बहुतेक बुरशा त्यावर पांढऱ्या-मळकट राहतात, क्रिप्टोकॉकस तीन-चार दिवसांत काळपट तपकिरी होते. कारळ्यातलं कॅफेइक आम्ल ती उचलते आणि त्याचं मेलॅनिन करते. तयार माध्यमापेक्षा माझ्या कारळ्यांवर रंग लवकर चढतो, हे मी शेजारी शेजारी लावून बघितलंय.

दुपारी मेंढपाळाच्या मुलाचा पुण्याहून फोन आला. तो तिथं टेंपो चालवतो. कुणीतरी त्याला 'काळी बुरशी' एवढंच सांगितलं होतं आणि त्याचा आवाज थरथरत होता. "मॅडम, डोळा काढत्यात तीच ना? माणूस जगत न्हाई ना?" 2021 च्या उन्हाळ्यात बातम्यांनी जे नाव घराघरात पोचवलं त्याचं हे फळ. तो रोग म्युकर नावाच्या वेगळ्याच बुरशीचा. ती बुरशी काळी नसतेच, सूक्ष्मदर्शकाखाली तिचे धागे बिनरंगाचे दिसतात. ती रक्तवाहिन्या बुजवते, पुढचं मांस मरतं आणि मेलेलं मांस काळं दिसतं. एका चुकीच्या नावानं लोकांच्या मनात इतकी भीती बसली की आता खरोखर काळी असलेली, सावकाश चालणारी बुरशी सांगायला गेलं की माणसं हातपाय गाळतात. वीस मिनिटं मी त्याला समजावलं. वडील मरणार नाहीत. पाय वाचू शकतो. वर्षभर गोळ्या लागतील, दर महिन्याला यकृताची रक्ततपासणी लागेल. शेवटी तो म्हणाला, "पन दिवाळीनंतर मेंढरं घाट उतरून कोकणात जात्यात. कसं करायचं?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. सर्जनशी बोलून तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायचं ठरवलं आणि वाटेवरच्या सरकारी दवाखान्यांत रक्त द्यायची चिठ्ठी मी स्वतः लिहून दिली. ती किती ठिकाणी मानली जाईल, सांगता येत नाही.

धुतलेले दाणे माध्यमाच्या बाटलीत लावले होते, त्यांचं कल्चर एकोणिसाव्या दिवशी दिसायला लागलं. ही बुरशी आळशी. 37 अंशांवर आधी पांढरट चामड्यासारखी घडी, मग ती मातकट होत गेली, आणि तिच्याखालच्या अगरमध्ये तपकिरी रंग उतरला, चहाची पुडी पाण्यात सोडल्यासारखा. मी सहा आठवडे बाटली टाकली नाही.

महिन्यानं तिघं रक्त द्यायला आले. सूज थोडी उतरली होती. पोराच्या डोक्यावर काठाची टोपी होती, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा. मी सांगितलेल्या नेत्रतज्ज्ञांकडे नेलं होतं, नजर मोजली होती, शाळेत पहिल्या बाकावर बसवलं होतं. या वेळी मी आजीला बसवून घेतलं आणि वांग्यापासून सगळं सांगितलं. तुमचा प्रश्न बरोबर होता, म्हटलं. ती म्हणाली, "मग ह्यातलं थोडं ह्येला देता येत न्हाई व्हय?" येत नाही, म्हटलं. त्या वेळी मात्र मी दुसरीकडे वळले नाही.

पोराला बुरशी बघायची होती. झाकण सीलबंद करून पिशवीत घातलेली बाटली मी खिडकीपाशी धरली. त्यानं टोपी मागं सारली, चेहरा चार बोटांवर आणला आणि मान किंचित एका बाजूला वळवून धरली. तशी धरली की त्याचे डोळे जरा ठरतात. बराच वेळ बघत होता. मग विचारलं, "हिला उन्हात ठिवलं तर भाजंल का?"

"एवढ्यानं नाही भाजणार," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली आणि पुन्हा बाटलीकडे बघायला लागला.