तुम्ही विचारलंत म्हणून: प्रोग्राम चालू लागल्यानंतरचं काम

‘मॅडम, प्रोग्रामिंग तर मुलं यूट्यूबवर शिकतात. मग सॉफ्टवेअर इंजिनीअरिंगच्या प्राध्यापकाला शिकवायला आणि संशोधनाला उरतं काय?’ पालक विचारतात, तिसऱ्या वर्षाची मुलंही विचारतात.

उरतं ते प्रोग्राम चालू लागल्यानंतरचं सगळं. तो एकदा लिहून होतो; बदल मात्र वर्षानुवर्षं होत राहतात आणि ते करणारी माणसं बहुधा दुसरीच असतात. हे नीट कसं निभवायचं, हा माझा विषय.

४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियान ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झालं. दिशादर्शनाचा कोड एरियान ४ वरून घेतला होता. आडव्या वेगाशी निगडित ६४ बिटांची (म्हणजे ६४ शून्य-एकांनी लिहिलेली) संख्या १६ बिटांच्या जागेत मावली नाही आणि मुख्य व राखीव, दोन्ही यंत्रणा एकाच कारणानं बंद पडल्या. जुन्या रॉकेटवर ती संख्या कधी एवढी वाढतच नव्हती. शिवाय हे गणित करणाऱ्या भागाचं एरियान ५ मध्ये उड्डाणानंतर काही कामच नव्हतं! हे उदाहरण मी दरवर्षी घेते, कारण कोडची ती ओळ एरियान ४ साठी बरोबर होती. तिच्यामागचं गृहीतक नव्या रॉकेटसाठी कुणी पुन्हा तपासलं नाही.

बदलाची तयारी आधीच करता येते, हे संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नस यांनी १९७२ मध्ये एका छोट्या शोधनिबंधात दाखवलं. कामाच्या क्रमानं प्रोग्रामचे भाग पाडू नका. उद्या बदलू शकेल असा एकेक निर्णय एकेका भागात झाकून ठेवा. ऐकायला सोपं आहे, पण वर्गात पचायला अख्खं सत्र जातं.

म्हणून मी गटांना गेल्या वर्षीच्या मुलांचा प्रोजेक्ट देते. नवं काही उभारायचं नाही, त्यातच एखादी सोय वाढवायची. आधी कुरकुर होते. मग ‘हे असं का लिहिलंय?’ विचारायला सिनियर्सना गाठतात आणि स्वतःचे कमिट मेसेज, म्हणजे प्रत्येक बदलासोबत लिहायची टीप, आपोआप सविस्तर लिहू लागतात. मला याचा फार आनंद होतो.

संशोधनही दुसऱ्यांच्याच कोडवर चालतं. लिनक्स कर्नल (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) यासारख्या प्रकल्पांचा गिटमधला, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातला, इतिहास खुला आहे: कुठली ओळ कुणी, केव्हा बदलली. कोणत्या बदलांमागे दुरुस्त्यांची रांग लागते, हे माझे पीएचडीचे विद्यार्थी त्यात शोधतात.

आता ‘कोड एआय लिहितो’ हेही ऐकते. या सत्रात मी एकच अट घातली आहे: एआयचा कोड खुशाल घ्या, पण तो काय गृहीत धरून लिहिलाय, ते शेजारी लिहून द्या.