नऊची झोप

मंगळवार, पहाटे पाच

गजर व्हायच्या आधीच जाग आली. साडेचार. अंधारात मनगट वर केलं तर घड्याळाचा उजेड डोळ्यांवर आला. एकूण झोप ४ तास २० मिनिटं. गाढ झोप ४१ मिनिटं, रेम, म्हणजे मिटल्या पापण्यांखाली डोळे भराभर फिरतात ती झोप, २८. पोरानं वाढदिवसाला हे घड्याळ दिलं, त्याला दोन महिने झाले. आकडे थोडे इकडंतिकडं होतात, पण रेम पाऊण तासाच्या वर एकदाही गेली नाही.

पडल्या पडल्या डोळा लागतो, म्हणून इतकी वर्षं मला वाटायचं, आपल्या झोपेला काही झालेलं नाही. काल मात्र धसकाच घेतला. उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये एक बुश बोअर करत होतो. आतला व्यास ३२ मिलिमीटर हवा होता, माझ्या हातून ३२.२ झाला. मायक्रोमीटरवरचं रीडिंग दोनदा बघितलं होतं, तरी चुकलं. जॉब भंगारात गेला आणि मी खेकसलो हाताखालच्या पोरावर. त्यानं नुसती मान खाली घातली आणि फडक्यानं मशीन पुसत राहिला. रात्री तेच डोळ्यांसमोर येत होतं.

संध्याकाळी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं गेलो. घोरतो का, मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो का, हे त्यांनी आधी विचारलं. ही सोबत होती, ती म्हणाली, तसं काही नाही. मग ते म्हणाले, मिनिटांच्या मागं लागू नका. मनगटावरचं घड्याळ नाडी आणि हालचालीवरून अंदाज बांधतं, झोपेचे टप्पे नेमके कळायला डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी बघाव्या लागतात. पण तुम्ही बाराला झोपता आणि साडेचारला उठता, एवढं तरी घड्याळ खरं सांगतंय.

मग त्यांनी कागदावर रात्र काढून दाखवली. झोपेची एक फेरी साधारण दीड तासाची, आणि अशा चार-पाच फेऱ्या व्हाव्या लागतात. गाढ झोप बहुतेक पहिल्या फेऱ्यांतच होऊन जाते. अंगाची झीज तीच भरून काढते. रेम सुरुवातीला थोडीच असते आणि पहाटेकडं लांबत जाते. मोठ्या माणसाच्या झोपेत तिचा वाटा पाचवा ते चौथा हिस्सा. स्वप्नं जास्त करून तिच्यातच पडतात. म्हणजे मी उठून रंकाळ्यावर फिरायला निघतो, तोच माझ्या रेमचा खरा वेळ.

मला हे सगळं नवीन होतं. रेमचा शोध १९५३ सालचा, शिकागो विद्यापीठातल्या अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांचा. अ‍ॅसेरिन्स्कीनं स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांजवळ तारा लावून रात्रभर आलेख काढले होते. वाचताना आमचा पोरगा आठवला. पाळण्यात झोपलेला असायचा आणि मिटल्या पापण्यांखाली त्याची बुबुळं सरसर फिरायची. आई म्हणायची, सटवाई हसवतीय त्याला.

पहाटे उठायची सवय अण्णांची. ते तालमीतले. चारला उठून जोर-बैठका, मग हौद्यात लढत. मी सातवी-आठवीत असल्यापासून त्यांच्याबरोबर उठायचो, आणि उशिरा उठणारा माणूस आमच्या घरात आळशीच ठरायचा. पण अण्णा रात्री नऊला दिवा मालवायचे आणि दुपारी जेवून तासभर आडवे व्हायचे, हे मी कधी हिशेबातच धरलं नाही. कुणी नऊनंतर गप्पा मारत बसलं की म्हणायचे, "झोप की लेका आता, तालीम काय पळून चाललीय व्हय?" माझं नऊला शटर खाली येतं. साडेदहाला जेवण, त्यात कुणी आलं-गेलं असलं की तांबडा-पांढरा. मग बिलं, मग मोबाईल. पोट तडस लागेपर्यंत भरलेलं असतं, त्यात सात वाजताचा कडक चहा रक्तात असतोच. त्यातलं निम्मं कॅफिन उतरायलाच पाचेक तास लागतात.

अण्णा असते तर त्यांनी मोबाईल हातातून काढून घेतला असता.

शुक्रवार, सकाळ

तीन दिवस झाले. सातचा चहा बंद केलाय. आठला शटर, साडेआठला भाकरी-आमटी. काल साडेनऊला एका गिऱ्हाईकाचा फोन वाजत राहिला, उचलला नाही. जिवावर आलं होतं. दहाला अंथरुणावर.

साडेचारला डोळे उघडलेच. पण उठलो नाही, तसाच पडून राहिलो. गल्लीतून दूधवाल्याच्या किटल्या वाजत गेल्या, मग पेपरवाल्याची सायकल. त्यानंतर कधी डोळा लागला कळलं नाही. स्वप्नात तालमीतला हौदा होता. तांबड्या मातीला हळद आणि ताकाचा तोच वास, आणि मी अनवाणी उभा. तळव्यांना माती गार लागत होती. कोपऱ्यात कुणीतरी अंगाला तेल चोळत होतं, पण त्याचा चेहरा दिसायच्या आधी जाग आली. सहा वाजून दहा मिनिटं.

कितीतरी महिन्यांनी स्वप्न आठवलं. हिला सांगत बसलो, चहा गार झाला.

कामावर गेल्यावर आधी त्या पोराशी बोलायचंय. उद्या मोठी डिलिव्हरी आहे, आज आठला शटर खाली येईल का, सांगता येत नाही.